यंत्रांची हजेरी



आज ज्या भाषेविषयीं मला बोलावयाचें आहे ती कोणाचीहि मातृभाषा नव्हे. तिच्यांत केवळ आंकडे आहेत, आणि ती दोन पिळलेल्या तारांवरून एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाते. तिचें नांव मॉडबस. १९७९ सालीं ती अमेरिकेंत जन्मली, आणि आजहि जगांतील असंख्य कारखान्यांत, पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांत व मोठ्या इमारतींच्या तळघरांत ती रात्रंदिवस बोलली जाते. आपल्या शहरांतील ज्या इमारतींच्या गच्चीवर सौर विजेचीं पॅनेलें बसविलेलीं आहेत, तेथील पुष्कळ इन्व्हर्टरांनाहि हीच भाषा समजते. संगणकाच्या धंद्यांत पांच वर्षांपूर्वींची वस्तु जुनाट ठरते. तेथें हिनें पंचेचाळीसांहून अधिक वर्षें कशीं काढलीं, आणि तिच्या जन्माच्या वेळीं विचारावयाचा राहिलेला एक प्रश्न पुढें माणसांना किती महाग पडला, हें आज सांगण्याचा विचार आहे.

प्रथम या भाषेच्या आधीं कारखान्यांत काय होतें तें पाहूं. रिले नांवाचें एक साधें विजेचें उपकरण असतें. तारेच्या वेटोळ्यांतून वीज गेली कीं त्याचें लोहचुंबक बनतें, तें लोखंडाची एक पट्टी ओढून घेतें, आणि त्या पट्टीमुळें दुसऱ्या एखाद्या मंडलांतील वीज सुरू होते किंवा तुटते. 'झांकण बंद असेल आणि तेल पुरेसें असेल तरच मोटार चालू कर' एवढा विचार यंत्राकडून करून घ्यावयाचा, तर असे रिले एकापुढें एक जोडावे लागत. मोटारगाड्यांच्या कारखान्यांत रिलेंनीं भरलेलीं कपाटें भिंतीच्या भिंती अडवून उभीं असत. त्यांचीं टोकें काळवंडत, पट्ट्या झिजत, आणि शेंकडों रिलेंपैकीं नेमका कोणता रुसला आहे हें शोधण्यांत कारागिरांचे तासच्या तास जात. गाडीचा नमुना बदलला कीं कपाटांतील तारांची जोडणीहि बदलावी लागे; तें न जमल्यास जुनें कपाट मोडींत जाई.

या त्रासाला कंटाळून जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रा-मॅटिक विभागानें १९६८ सालीं रिलेंच्या जागीं बसेल असें इलेक्ट्रॉनिक उपकरण मिळावें अशी मागणी पुढें मांडली. योगायोग असा कीं त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील बेडफर्ड असोसिएट्स या लहानशा संस्थेंत डिक मॉर्ली या अभियंत्यानें अशाच उपकरणाचा आराखडा कागदावर उतरविला होता. आदल्या रात्रीच्या मेजवानीनें त्या दिवशीं डोकें जड झालें होतें, असें हे गृहस्थ पुढें स्वतःच मोकळेपणानें सांगत. संस्थेचें तें ८४ वें काम, म्हणून उपकरणाचें नांव ०८४. तें १९६९ सालीं बाहेर पडलें आणि तें विकण्यासाठीं निघालेल्या कंपनीला मॉडिकॉन हें नांव मिळालें. 'मॉड्युलर डिजिटल कंट्रोलर' या तीन शब्दांचा तो संक्षेप. या शोधाचें श्रेय एकट्या मॉर्लीला द्यावें कीं ॲलन-ब्रॅडली कंपनीच्या ओडो स्ट्रुगर यांनाहि द्यावें, हा वाद जुना आहे. मला तो निष्फळ वाटतो. गरज एकच असली म्हणजे एकाच वेळीं दोन घरीं दिवा लागतो.

मॉर्लीच्या कंपूनें एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची केली. त्यांनीं उपकरणाला आज्ञा देण्याची लिपि कारागिरांच्या ओळखीचीच ठेविली. रिलेंच्या जोडणीचे जे शिडीसारखे नकाशे कारागीर रोज हाताळीत, त्याच शिड्या आतां पडद्यावर काढावयाच्या. ज्या माणसानें जन्मभर तारा जोडल्या त्याला नव्या यंत्रापुढें अडाणी ठरण्याची पाळी आली नाहीं. नव्या विद्येचा प्रसार करूं पाहणारांनीं हें विसरूं नये; पण पुष्कळदां तें विसरलें जातें.

१९७७ सालीं मॉडिकॉन कंपनी गूल्ड या कंपनीकडे गेली. तोंवर एकेका कारखान्यांत अशीं नियंत्रक उपकरणें दहादहा-वीसवीस झालीं होतीं, आणि तीं सर्व एकमेकांना अनोळखी होतीं. भट्टीची उष्णता किती, टांकींतील पाणी किती, पट्टा चालू आहे कीं बंद, हें सगळें एका खोलींत बसून पाहावयाचें तर उपकरणांना बोलतें करणें भाग होतें. त्यासाठीं १९७९ सालीं कंपनीनें मॉडबस ठरविली.

हिची रीत समजावयास शाळेंतील हजेरीसारखें दुसरें उदाहरण मला सांपडत नाहीं. माझा सगळा जन्म शाळेंत गेला, म्हणून तें जवळचें वाटत असेल. वर्गांत शिक्षक एक, मुलें अनेक, प्रत्येकाचा क्रमांक निराळा. शिक्षक क्रमांक पुकारतात, त्या क्रमांकाचें मूल उत्तर देतें, बाकीचीं ऐकतात पण गप्प बसतात. विचारल्यावांचून कोणीं बोलावयाचें नाहीं. पुकारणाऱ्याला मास्टर व उत्तर देणाऱ्याला स्लेव्ह, म्हणजे धनी व दास, अशीं नांवें होतीं. २००४ सालापासून या भाषेची मालकी मॉडबस ऑर्गनायझेशन या संस्थेकडे आहे. तिनें २०२० सालीं हीं नांवें टाकून क्लायंट व सर्व्हर हीं घेतलीं, तें योग्यच झालें. उपकरणांचे क्रमांक १ पासून २४७ पर्यंत. शून्य क्रमांकानें पुकारलें तर ती आज्ञा सर्वांना असते, आणि तिला कोणीहि उत्तर द्यावयाचें नसतें.

आतां एक प्रश्न प्रत्यक्ष वाचून दाखवितों: ०१, ०३, ००, ००, ००, ०२, आणि शेवटीं ताळ्याचे दोन आंकडे. पहिला ०१ हा उपकरणाचा क्रमांक. ०३ म्हणजे 'तुझीं रजिस्टरें वाचून सांग' ही आज्ञा. पुढचे दोन आंकडे कोठून आरंभ करावयाचा तें सांगतात, आणि त्यापुढचे दोन किती रजिस्टरें वाचावयाचीं तें. शेवटचे दोन हे आधींच्या सहांवरून गणितानें काढलेले असतात. शेजारच्या मोटारीच्या विजेच्या धक्क्यानें वाटेंत एखादा आंकडा बदलला, तर ऐकणाऱ्याचा ताळा जुळत नाहीं आणि तो प्रश्न कानावर आलाच नाहीं अशा रीतीनें सोडून देतो. वाक्य कोठें संपलें हें कळण्यासाठीं या भाषेंत पूर्णविराम नाहीं. साडेतीन अक्षरें बोलावयास जेवढा वेळ लागेल तेवढें मौन राखलें कीं वाक्य संपलें. पुष्कळ ठिकाणीं सेकंदाला ९६०० बिट हा वेग असतो. एका अक्षराला ११ बिट धरले तर सेकंदांत सुमारें ८७० अक्षरें होतात. म्हणजे आपला आठ अक्षरांचा प्रश्न सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आंतच संपला.

तरी या हजेरींत एक खोड आहे. गैरहजर मुलाचा क्रमांक पुकारला कीं शिक्षकांना क्षणभर थांबावें लागतें. तसेंच येथें. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें प्रत्येक उत्तराची एक सेकंद वाट पाहावयाचें ठरविलें आणि तीन उपकरणें बंद पडलेलीं असलीं, तर प्रत्येक फेरींत तीन सेकंद फुकट जातात, आणि जीं उपकरणें चांगलीं चालू आहेत त्यांचीहि खबर उशीरां येते. शिवाय ज्याला पुकारलें नाहीं त्याला बोलतां येत नाहीं. भट्टी तापून लाल झाली तरी तिच्या उपकरणानें आपल्या पाळीची वाट पाहावयाची! १९८६ सालीं जर्मनीच्या बॉश कंपनीनें मोटारगाड्यांसाठीं कॅन ही निराळी पद्धत जाहीर केली. तिच्यांत कोणालाहि आपण होऊन बोलतां येतें, आणि दोघे एकदम बोलूं लागले तर ज्याचा क्रमांक लहान त्याचें बोलणें पुढें जातें. मॉडबसला ही सोय कधींच मिळाली नाहीं.

या भाषेच्या शब्दांत जुन्या कपाटांची आठवण शिल्लक आहे, ती मला फार आवडते. जी गोष्ट केवळ चालू किंवा बंद असूं शकते तिला मॉडबसमध्यें कॉइल म्हणतात, म्हणजे वेटोळें. तें वेटोळें रिलेचें. आज एखादा तरुण अभियंता आपल्या प्रोग्रॅममध्यें 'कॉइल लिही' अशी आज्ञा घालतो तेव्हां तेथें तांब्याचें वेटोळें असेलच असें नाहीं. शब्द मात्र राहिला. जी गोष्ट मोजावयाची, जसें उष्णता, दाब, वेग, ती रजिस्टरांत असते. एका रजिस्टरांत ० पासून ६५,५३५ पर्यंत कोणतीहि एक संख्या मावते.

आणि येथेंच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची खरी परीक्षा लागते. भाषा संख्या पोंचविते. तिचा अर्थ सांगत नाहीं. तो अर्थ उपकरणासोबत आलेल्या छापील तक्त्यांत असतो, आणि तो तक्ता हरवला तर मोठा पंडितहि हात टेकतो. रजिस्टरांत २३०५ हा आंकडा मिळाला. ते २३०५ व्होल्ट कीं २३०.५? शीतगृहाची उष्णता ६५,५३१ अंश आहे असें उत्तर आलें, तर घाबरण्याचें कारण नाहीं. तें उणे ५ आहे. ऋण संख्या कशी लिहावी हें भाषेनें ठरविलेलें नाहीं, म्हणून बनविणाऱ्यानें आपल्या रीतीनें लिहिली आणि वाचणाऱ्यानें ती धन समजून वाचली. तक्त्यांत ज्या रजिस्टराचा क्रमांक ४०००१ असा छापलेला असतो, त्याचा तारेवरील पत्ता शून्य असतो. कारण छापणारे एकापासून मोजतात आणि तार शून्यापासून मोजते. या एका अंकाच्या फरकानें किती रात्री जागविल्या असतील याचा हिशेब कोण ठेवणार?

सर्वांत विचित्र गोष्ट मोठ्या संख्यांची. अपूर्णांकासह लिहिलेली संख्या एका रजिस्टरांत मावत नाहीं, म्हणून ती दोन रजिस्टरांत वांटून ठेवितात. पण त्यांतील मोठा अर्धा भाग आधीं कीं लहान आधीं, याविषयीं भाषा मौन धारण करते. एक कारखानदार असा ठेवितो, दुसरा तसा. प्रोग्रॅमनें उलटे वाचले तर २३० व्होल्ट ही संख्या शून्याहून ओळखूं न येण्याइतकी लहान होऊन पुढें येते. मीटर चोख, तार चोख, ताळाहि जुळलेला, आणि पडद्यावर मात्र वीज गेलेली! उत्तर अगदींच न येण्यापेक्षां असें उत्तर अधिक घातक असतें, हें कोणताहि अनुभवी अभियंता सांगेल.

इतके दोष असतां ही भाषा टिकली कशी? मला त्याचें मुख्य कारण असें वाटतें कीं कंपनीनें ती उघड छापून टाकली आणि वापरणाराकडून दाम मागितला नाहीं. लहानशा कारखान्यांतील दोघां-तिघांना चार दिवसांत ती शिकून आपल्या मीटरांत घालतां येई. उलट १९८० नंतर युरोप-अमेरिकेंतील बड्या कंपन्यांनीं आपापल्या भाषा पुढें आणल्या. प्रोफिबसचें काम जर्मनींत १९८७ सालीं सुरू झालें, आणि इतरहि पुष्कळ निघाल्या. सर्व जगासाठीं एकच भाषा ठरवावी म्हणून आंतरराष्ट्रीय समित्या वर्षानुवर्षें बसल्या. शेवटीं २००० सालीं जें प्रमाणपुस्तक निघालें त्यांत परस्परांना न समजणाऱ्या आठ निरनिराळ्या भाषा एकाच बांधणींत घातलेल्या होत्या. हें भांडण चालू असतां साधी मॉडबस आपली मुकाट्यानें पसरत होती.

आतां त्या राहिलेल्या प्रश्नाकडे येतों. हजेरी घेणारा खरोखरच आपला शिक्षक आहे काय, हें मूल डोळ्यांनीं पाहतें. मॉडबसचें उपकरण आंधळें आहे. 'तूं कोण?' असें विचारावयास त्या भाषेंत शब्दच नाहीं. बरोबर क्रमांकानें, बरोबर ताळ्यानें जो कोणी आज्ञा करील त्याची आज्ञा पाळावयाची. १९७९ सालीं हें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. त्या काळीं तारेचीं दोन्ही टोकें कारखान्याच्या भिंतींच्या आंत असत आणि दारावर पहारेकरी असे. तोच ओळख विचारी. पुढें १९९९ सालीं मॉडबस इंटरनेटच्या वाहतुकीवर घालण्याची रीत प्रसिद्ध झाली. प्रश्न तेच, आज्ञा त्याच, फक्त त्यांना नवीन पाकीट मिळालें, आणि त्या पाकिटावर पाठविणाऱ्याची सही असावी अशी तरतूद झाली नाहीं. तार भिंतीबाहेर गेली आणि पहारेकरी मागें राहिला. दोष द्यावयाचा तर तो या दुसऱ्या पिढीकडे जातो, असें माझें मत आहे.

पहारेकरी नसला म्हणजे काय होतें हें ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत २००० सालीं दिसलें. मरूची या भागांत सांडपाण्याचीं १४२ पंपगृहें बिनतारी यंत्रणेनें चालत असत. तेथील भाषा मॉडबस नव्हती, पण वृत्ति तीच होती. ती यंत्रणा बसविणाऱ्या कंपनींत पूर्वीं काम केलेल्या एका इसमानें, पालिकेनें नोकरी नाकारल्यावर, गाडींत संगणक व बिनतारी संच ठेवून पंपांना खोट्या आज्ञा देण्यास आरंभ केला. पंप बंद पडत, धोक्याच्या सूचना येत नाहींशा होत. आरंभीं सर्वांना हा नव्या यंत्रणेचा दोष वाटला. आठ लक्ष लिटर मैलापाणी नाल्यांत, बागांत व एका हॉटेलच्या आवारांत शिरलें, आणि जलचर मेले. एप्रिलमध्यें तो पकडला गेला व पुढच्या वर्षीं त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

२०१० सालीं उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातकी प्रोग्रॅमची कथा बहुतेकांनीं ऐकली असेल, म्हणून ती लांबवीत नाहीं. इराणांतील नतांझ येथें युरेनियम शुद्ध करणारीं फिरतीं यंत्रें होतीं. त्यांचा वेग या प्रोग्रॅमनें गुपचूप वाढविला व घटविला. त्याच्याच दुसऱ्या एका भागांत, देखरेख करणारांना आधीं टिपून ठेविलेले निर्दोष आंकडे पुन्हां पुन्हां दाखविण्याची युक्ति होती. वर्ग ओस पडला असतां हजेरीपटावर सर्व मुलें हजर दिसावीं, तसा हा प्रकार.

परंतु मॉडबसचेंच नांव ज्या घटनेशीं जोडलें गेलें ती अगदीं अलीकडची आहे, आणि ती घरांशीं संबंधित आहे. युक्रेनमधील लव्हिव्ह शहरांत हिंवाळ्यांत घरोघर चूल पेटवून खोल्या तापवीत नाहींत; एका ठिकाणीं पाणी तापवून तें नळांनीं इमारतीइमारतींत फिरवितात. या नळांवरील नियंत्रक उपकरणें मॉडबस बोलतात. जानेवारी २०२४ मध्यें, बाहेरची हवा शून्याच्या खालीं गेलेली असतां, ६०० हून अधिक निवासी इमारतींची ऊब सुमारें दोन दिवस बंद पडली. ड्रॅगोस या संस्थेनें त्याच वर्षीं जुलैमध्यें या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यामागें वापरलेल्या प्रोग्रॅमला फ्रॉस्टीगूप असें नांव दिलें. हा प्रोग्रॅम करीत असे तें असें: पुढच्या उपकरणाला मॉडबसमध्यें रजिस्टरें वाचावयास सांगणें, आणि मग त्यांत भलतीच संख्या लिहावयास सांगणें. त्यासाठीं कोणतीहि गुप्त किल्ली लागली नाहीं. उपकरणें चुकीचीं मापें दाखवूं लागलीं आणि नळांतून थंड पाणी वाहूं लागलें. कुलूप फोडण्याचें काम हल्लेखोरांनीं फार आधीं, बाहेरच्या जोडणीवरच केलें होतें. आंत शिरल्यावर त्यांना अडविणारें कांहींच नव्हतें. त्या घरांत म्हातारीं माणसें होतीं, तान्हीं मुलें होतीं; ज्यानें संख्या लिहिली त्यानें त्यांचीं तोंडें पाहिलीं नसतील.

उपाय निघालेला नाहीं असें नाहीं. मॉडबस ऑर्गनायझेशननें २०१८ सालीं या भाषेचा एक सुरक्षित प्रकार प्रसिद्ध केला. त्यांत बोलावयास आरंभ करण्यापूर्वीं दोन्ही बाजूंना आपापलें ओळखपत्र दाखवावें लागतें, आणि बोलणें गुप्त लिपींत होतें. पण कारखान्यांतील उपकरण आपल्या खिशांतील टेलिफोनाप्रमाणें दोन-तीन वर्षांनीं बदलत नाहींत. मॉर्लीचें पहिल्या पिढीचें एक ०८४ उपकरण जनरल मोटर्सच्या कारखान्यांत वीस वर्षें चाललें होतें, आणि तें बंद पडलें म्हणून काढलें असेंहि नाहीं. आज तळघरांत धूळ खात असलेल्या मीटरला ओळखपत्र वाचण्यापुरती बुद्धिहि नाहीं, आणि तो आणखी दहा वर्षें बिनतक्रार चालणार आहे. म्हणून जाणते अभियंते त्या जुन्या उपकरणांच्या पुढें एक निराळें पहारेकरी उपकरण बसवितात. तें येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचा आज्ञेचा आंकडा पाहतें: ०३, म्हणजे वाचणें, असेल तर जाऊं देतें; ०६ किंवा १६, म्हणजे लिहिणें, असेल तर तो ठरलेल्या संगणकाकडूनच आला आहे ना हें पाहतें, आणि नसेल तर परत लावतें. आंतल्या मीटरला याचा पत्ताहि नसतो. त्याचा क्रमांक पुकारला कीं तो पूर्वींप्रमाणेंच उत्तर देतो.